मागचा माणूस

गुरुवारी सकाळी, तरणतलावाच्या गरम कुंडात, हाफलिदीनं स्वतःच्या मुलीला विचारलं, “कुणाची गं तू?”

विचारलं ते अगदी आपुलकीनं. नव्या माणसाला तिथं असंच विचारतात. नावावरून काही कळत नाही, कुणाचा ते कळलं की माणूस हाती लागतो. कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलेले चार म्हातारे खदखदून हसले. हाफलिदी मुळातच मस्कऱ्या, त्यात एक्याऐंशीचा, त्याला सगळं माफ. राग्नाही हसली आणि म्हणाली, “होल्तच्या हाफलिदीची.” “अरे वा,” तो म्हणाला, “चांगला माणूस. जरा हेकट आहे, पण चांगला.” पुन्हा हशा. वाफेतून तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो तेवढा हसत नव्हता. मान किंचित झुकवून, परक्या बाईशी बोलताना ठेवतात तसं अंतर डोळ्यांत ठेवून, ती पुढं काय सांगते याची तो वाट बघत होता. मग कुणीतरी सरकलं, पाणी हललं, आणि तो म्हणाला, “राग्ना, टॉवेल आणलास ना माझा?” म्हणजे आलं होतं परत. किती वेळ गेला असेल? दहा सेकंद. दहा सेकंद ती कुणाचीच नव्हती, आणि चाळीस अंशांच्या पाण्यात तिचे गुडघे गार पडले होते.

दिवसभर दुकानात ते गारपण काही जाईना. चष्म्याच्या दुकानात सव्वीस वर्षं ती लोकांचे डोळे तपासत आली होती. अंधाऱ्या खोलीत भिंग बदलत, “हे बरं दिसतं का हे?” एवढंच विचारायचं. माणसं घाबरतात, चुकीचं सांगितलं तर काय म्हणून. ती म्हणते, यात चूक नसते हो, तुम्हाला दिसतं तेच बरोबर. त्या दिवशी हे म्हणताना तिला आपला आवाज शेजारच्या दुकानातून आल्यासारखा वाटला. ड्रॉवरमध्ये, भिंगं पुसायच्या फडक्यांखाली, पत्र होतं. वृद्धनिवासात खोली रिकामी झाली आहे, समुद्राच्या बाजूची; सोमवारी दुपारी बारापर्यंत कळवावं, नाहीतर यादीतल्या पुढच्याला देण्यात येईल. रिकामी झाली आहे म्हणजे काय झालं आहे, ते पत्रात लिहीत नाहीत. अर्ज तिनंच वसंतात भरला होता. तपासणीला आलेल्या बाईला कॉफी तिनंच दिली होती. हाफलिदीला वाटलं, बाई खिडक्या बघायला आली आहे, आणि त्यानं तिला एकेक खिडकी उघडून दाखवली. पत्राचं त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. एकुलतं एक असण्याचं हे असं असतं, ढकलावं म्हटलं तर घरात ढकलायला दुसरं कुणी नसतं. आणि शनिवारी तर मोजायला जायचं होतं.

मोजायला म्हणजे हिमनदी मोजायला. होल्तच्या शेतातून वर बघितलं की डोंगराच्या खांद्यावरून लोंबणारी तिची मळकी जीभ दिसायची. तिचं टोक दर शरदात कुठवर आलं, कुठवर हटलं, हे पायथ्याची माणसं मोजतात आणि राजधानीला कळवतात. पगार नाही, पाणी नाही, घराण्यात चालत आलेलं काम. हाफलिदीच्या बापानं सुरू केलं, मग हाफलिदीनं धरलं. बायको गेल्यावर त्यानं शेत विकलं आणि राग्नापासून दोन गल्ल्यांवर रेक्याविकला खोली घेतली. मेंढ्या गेल्या, ट्रॅक्टर गेला, पण मोजणी काही त्यानं कुणाला दिली नाही. दर वर्षी शेजारच्या शेतावरचा एकजण सोबतीला यायचा. यंदा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून राग्ना. दुकानाला कुलूप लावता लावता तिनं मनाशी ठरवून टाकलं. ह्या वेळी हाफलिदीनं खुंटीपासून बर्फाच्या कडेपर्यंत नीट मोजलं, तर खोली नको म्हणून कळवायचं आणि त्याला आपल्या घरी आणायचं. चुकला, तर हो म्हणायचं. ठरवलं आणि तिला बरं वाटलं. कुलपातून किल्ली काढेपर्यंत बरं वाटल्याचीच लाज वाटायला लागली. पण ठरवलेलं तिनं मोडलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. मुलीलासुद्धा नाही.

मुलगी, ब्रीएत, बावीस वर्षांची, शुक्रवारी दुपारी बापाची कॅम्पर गाडी घेऊन दारात आली. हा बाप म्हणजे राग्नाचा जुना नवरा. संसार दिला नाही पण गाडी मागितली की लगेच देतो, आणि टाकी भरून देतो. हाफलिदी पुढं बसला, मांडीवर मोजणीची जुनी पिशवी. राग्ना मागच्या बाकावर, खडखडणाऱ्या भांड्यांत. डोंगर, काळी वाळू, पुन्हा डोंगर. प्रत्येक शेत आलं की हाफलिदी बोट दाखवून सांगायचा, इथं अमका राहायचा, त्याच्या बायकोनं तमक्या वर्षी पियानो आणला आणि दारातून जाईना म्हणून भिंत फोडली. सगळं बरोबर. राग्नाला पियानोही आठवत होता. प्रत्येक बरोबर उत्तराला ती मागं बसून मनात खूण करत होती, आणि खुणा वाढतील तसतसा तिला आनंद व्हायला हवा होता. मग तो म्हणाला, “मेंढ्या उतरवल्या का गं खाली?”

“उतरवल्या, आफी,” ब्रीएत आजोबांना म्हणाली. “लोकरीसकट.”

वीस मिनिटांनी, “मेंढ्या उतरवल्या का?”

“एक उरलीय. ती म्हणते, हाफलिदी आल्याशिवाय मी येत नाही.”

“काळी असेल,” तो म्हणाला. “काळ्यांचा हेका फार.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही ब्रीएतकडे नवं उत्तर तयार होतं. राग्ना आरशातून लेकीकडे बघत राहिली. हिला हे कसं जमतं? हिच्यासाठी प्रत्येक वेळ पहिलीच असते, आपण मात्र मोजत बसतो. पंपावर थांबून तिघांनी सगळं घातलेले हॉटडॉग खाल्ले. हाफलिदीच्या हनुवटीवर मोहरी लागली. राग्नानं ती पुसायला हात नेला आणि मध्येच थांबवला. पुसली तर तो म्हातारा झाला असता. न पुसली तर ती मुलगी कसली. शेवटी त्यानं बाहीला स्वतःच पुसली आणि विचारलं, “तुझा गिळत का नाहीस? परीक्षेला बसल्यासारखी बसलीयस.”

संध्याकाळी होल्तच्या खालच्या माळावर गाडी लावून काळपट भाकरीवर धुरी दिलेलं मेंढीचं मांस असं जेवण झालं, तेव्हा ब्रीएतनं विचारलं, “आफी, एवढा खटाटोप कशाला? फोन खुंटीशी धरायचा, फोन बर्फाशी धरायचा, अंतर निघतं.”

“बर्फाशी म्हणजे कुठल्या?”

“कुठल्या म्हणजे? बर्फ तो बर्फ.”

हाफलिदीनं भाकरी खाली ठेवली. आणि मग तो बोलला, एकदाही न अडखळता. हिमनदी मागं हटते तेव्हा आपला एखादा तुकडा खाली टाकून जाते. वर गोटे साचतात, माती साचते, त्याच्यावरून माणूस जातो आणि त्याला वाटतं जमीनच आहे. खणलं तर खाली बर्फ, चांगला निळा, पुरुषभर. पण मेलेला. “मेलेला कसा ओळखायचा? वरून त्याला काही येत नाही. वर पडलेला बर्फ खाली सरकत सरकत टोकापर्यंत पोचतो, तोवर ती जिवंत. मध्येच तुटलं की हा आपला पडून राहतो. दिसायला तसाच. वीस वर्षंसुद्धा तसाच दिसेल. त्याच्यापर्यंत मोजायचं नाही. फोनला हे कळतं का?”

“नाही कळत,” ब्रीएत म्हणाली.

“मग त्याला झोपव.”

राग्ना कप विसळत होती. तो माणसांचं बोलत नव्हता, हिमनदीचंच बोलत होता, हे तिला ठाऊक होतं. तो कधीच दुसऱ्या कशाचं बोलायचा नाही. तरी पाठ त्याच्याकडेच ठेवून तिनं एकच कप चारदा विसळला.

शनिवारी सकाळी वारा होता, पाऊस लांब समुद्रावर थांबलेला. ओढ्याच्या काठानं तासभर चालल्यावर खुंटी आली, लाल रंग दिलेली लोखंडी, हाफलिदीनंच सात वर्षांपूर्वी ठोकलेली. तेव्हा बर्फ तिच्यापासून वीस पावलांवर होता. आता नुसता गोट्यांचा पसारा, आणि फार लांब, उंचवट्यांच्या पलीकडे, राखाडी काहीतरी. हाफलिदीनं पिशवीतून पन्नास मीटरची फीत काढली. ब्रीएत खुंटीपाशी थांबणार, वही आणि थर्मास घेऊन. पुढं तो, मागं राग्ना. पद्धत त्याच्या बापाची. पुढच्यानं फितीचं टोक घेऊन जायचं, फीत ताणली की थांबायचं, पाय रोवायचा. मागच्यानं फितीचा डबा घेऊन तिथवर जायचं, त्याच्या बुटाला बूट लावून उभं राहायचं, मग त्यानं पुढं निघायचं. दगडाची खूण करायची नाही. दगडांच्या पसाऱ्यात दगडाची खूण करणारा शहरातला. मागचा माणूस हीच खूण. पुढचा हाक मारत नाही तोवर त्यानं हलायचं नाही, मग आभाळ फाटो. राग्नाची आई तीस वर्षं मागं उभी राहिली. एकदा गारांत पाऊण तास, कारण पुढं हाफलिदीला जिवंत कुठला आणि मेलेला कुठला ते ठरवता येईना. राग्ना तेव्हा आठ वर्षांची, आईचं जाकीट धरून उभी. आई हलली नाही, बोललीही नाही. गारा तिच्या टोपीवरून उडत होत्या आणि ती एखाद्या खांबासारखी, पण खांब गुणगुणत नाही, ती गुणगुणत होती. संसार म्हणजे हेच असावं, असं राग्नाला त्या वयात वाटलं होतं. पुढं स्वतःचा केला तेव्हा तिनं नवऱ्याला कधी पुढंच जाऊ दिलं नाही, आणि मग तो बाजूनं गेला.

पन्नास. शंभर. दीडशे. तिचा बूट त्याच्या बुटाला लागायचा, तो “हं” म्हणायचा आणि निघायचा. पाठीवर बर्फाची कुऱ्हाड, पायांत अजून साधे बूट, बर्फावर बुटांना बांधायचे काटे पिशवीत. म्हाताऱ्याची चाल नव्हतीच ती. गोट्यावर पाय पडायच्या आधी पायाला गोटा माहीत होता. कुंडातल्या त्या नम्र डोळ्यांचा माणूस हा नव्हे. तीनशेला त्यानं वाकून माती उकरली, खालचा निळा तिला दाखवला आणि नुसती मान हलवली: मेलेला. म्हणजे ते आता त्याच्यावरच चालत होते. साडेतीनशेला त्यानं काटे चढवले, तिलाही चढवायला लावले, पट्टे स्वतः ओढून बघितले, लहानपणी बघायचा तसे. “आता एकदाच,” तो म्हणाला. “उंचवट्यापलीकडे कड आहे. मी दिसणार नाही. तू उभी राहा.” “राहते,” ती म्हणाली. तो उंचवट्यावर चढला, टोपी दिसली, टोपी गेली.

फीत सरकत राहिली, मग थांबली. ताणली गेली. तिच्या हातात त्याचा ओढा आला, भक्कम. वारा समोरून होता, तरी काही ऐकू येईना. फितीचा थरथराट तेवढा बोटांना लागत होता. ती उभी होती. पाय गार पडत होते. जमलं की त्याला, ती मनात म्हणाली, सगळं जमलं, आता कड, आकडा, आणि झालं. मग आपल्या घरातली मागची खोली तिच्या डोळ्यांपुढं आली. शिवणयंत्र हलवावं लागेल. रात्री दिवा ठेवावा लागेल, गॅसला चाप लावावा लागेल, दुकानातून दुपारी एकदा घरी यावं लागेल, आणि रोज सकाळी ते डोळे. रोज एकदा तरी ती कुणाचीच नसणार. अशी दहा वर्षं. आणि नेमकी तेव्हा फीत ढिली पडली. ताण एकदम गेला, पिवळी पट्टी गोट्यांवर सापासारखी पडली.

सुटले.

हे तिनं म्हटलं नाही, ते तिच्या आत कुणीतरी म्हटलं. तो पडला, तो विसरला, तो भलतीकडे चालता झाला, म्हणजे आता मला ठरवायला नको. एका श्वासापुरतं असेल. पण तो श्वास खोलवर गेला, अंगभर हलकं वाटलं, इतकं की गेल्या वसंतापासून वाटलं नव्हतं. आणि मग ज्या भीतीनं आधी यायला हवं होतं ती आली, उशीर झाल्यासारखी धावत, आणि तिला घेऊन धावली. डबा हातातून पडला. “पाब्बी!” तिनं ओरडून बापाला हाक मारली. काटे गोट्यांवर करकरत, हातांवर पडत, ती उंचवटा चढून पलीकडे उतरली.

तो उभा होता. हिमनदीची कड त्याच्या पायांपाशी, ज्वालामुखीच्या राखेच्या काळ्या रेघांची, पाण्यानं चमकणारी, आणि फितीच्या टोकावर त्याचा बूट घट्ट रोवलेला.

“किती?” त्यानं विचारलं.

“काय किती?” तिला धाप लागली होती.

“आकडा. कडेवर टेकवायला वाकलो, सरळ झालो, किती म्हणून ओरडलो. उत्तर नाही. ओढली, तर सगळीच फीत माझ्याकडे आली.” त्यानं उंचवट्यावरून आपटत आलेला डबा बघितला. मग तिचे बूट. “तू इथं आलीस. मग तिथं कोण उभं आहे?”

ती वळली. मागं गोट्यांचा पसारा, एक कुठलाही दुसऱ्यासारखा. आपण कुठं उभ्या होतो ते तिला दाखवता आलं नसतं, कुणी जिवावर उठलं असतं तरी. सगळं पहिल्यापासून करायला हवं होतं. पाऊस समुद्रावरून निघालेला दिसत होता, आणि आता जवळून तिला दिसलं, पाठीवरची कुऱ्हाड त्यानं हातात घेतली होती आणि सगळा भार तिच्यावर टाकला होता.

“मला वाटलं—”

“काय वाटलं ते कळलं मला,” हाफलिदी म्हणाला. रागावला नव्हता. त्यानं फीत डब्यात गुंडाळायला घेतली, ओल्या पट्टीवरची वाळू बोटांनी निपटत. “आलीच आहेस तर चल, थोडं वर जाऊन येऊ. इतक्या लांब येऊन नुसतं कडेवरून परतू नये.”

मग ती दोघं हिमनदीवर चालली. तो पुढं, ती मागं, आता मध्ये काही नव्हतं. “पाय सपाट टेकव. बोटांवर जाऊ नकोस. सगळे काटे एकदम रुतू देत.” पायाखाली बर्फ साखर चावल्यासारखा वाजत होता. भेगा अरुंद होत्या, आत निळा रंग, आणि कुठंतरी खाली पाणी पडत होतं, विहिरीत कुणी पुटपुटत असल्यासारखं. एका काळ्या रेघेवर तो थांबला. “ही राख. ज्या वर्षी ही पडली त्या वर्षी मेंढ्या काळ्या दिसत होत्या, तुझी आई खिडक्यांना ओली फडकी लावत होती.” थोडं थांबून, “वरून इथवर यायला हिला इतकी वर्षं लागली. आलीच ना पण.” राग्नानं तोंड उघडलं. इथं सांगावं, आत्ताच. समुद्राच्या बाजूची खोली आहे, पाब्बी, बारापर्यंत कळवायचं आहे, मी आज तुझी परीक्षा घेत होते आणि तुझ्या नापास होण्यानं मी सुटले होते. तू तर नापासही झाला नाहीस. “पाब्बी,” ती म्हणाली, “सोमवारी—” “सपाट,” तो म्हणाला, मागं न बघता. “बोलताना तू बोटांवर जातेस.”

पावसाचे पहिले थेंब आले तेव्हा ती दोघं खुंटीपाशी पोचली. ब्रीएत टोपी कानांवर ओढून उड्या मारत होती. “किती वेळ! आकडा? लिहू?”

राग्नानं तोंडावरचे थेंब पुसले. बोलणार होती. शब्द जुळवत होती, माझ्यामुळं, मी जागा सोडली, मी.

“आकडा नाही,” हाफलिदी म्हणाला. “मी विसरलो.”

“काय विसरलास?”

“काय ते आठवलं असतं तर विसरलो असं म्हटलं असतं का?” तो हसला. “तिकडं कडेशी गेलो आणि कशाला आलो तेच आठवेना. फीत सोडून दिली. तुझी आई बिचारी धावत आली.” त्यानं थर्मास उघडला, कपात कॉफी ओतली, कप राग्नापुढं धरला. त्याच्या डोळ्यांत तिनं बघितलं. तिथं अंतर नव्हतं, मस्करीही नव्हती. तो आपल्यासाठी खोटं बोलतोय, की वाटेत उतरताना खरंच तसं झालं होतं, त्याला आता तसंच आठवतंय, हे त्या डोळ्यांवरून कळत नव्हतं. आणि डोळे बघणं तर तिचा धंदा. विचारता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तिनं कप घेतला.

“असू दे रे, आफी,” ब्रीएत म्हणाली, आणि ह्या वेळी तिच्याकडे विनोद नव्हता. तिनं आईकडे पाहिलं, मोठी माणसं मोठ्या माणसांकडे बघतात तसं. “फोनवर घेऊ का मग?”

“घे,” हाफलिदी म्हणाला. “कड कुठली ते मी लांबूनच दाखवतो. तिथवर जा, आणि त्याला जागं कर.”

परतीच्या वाटेवर तो बराच वेळ झोपला, तोंड उघडं टाकून. ब्रीएतनं हळूच विचारलं, “आई, हे आधीही झालंय का?” आणि राग्ना म्हणाली, “हो.” ते खरंच होतं.

सोमवारी अकरा वाजता तिनं दुकानातली अंधारी खोली आतून लावून घेतली आणि वृद्धनिवासाला फोन केला. समोरच्या बाईचा आवाज मायाळू होता. खोली घेतोय म्हटल्यावर ती म्हणाली, बरं केलंस, आणि वसंतातल्या तपासणीनंतर काही फरक पडलाय का ते तेवढं विचारते, कागदावर लिहावं लागतं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, सगळ्यांत वरचं मोठं अक्षर तेवढं अंधारात दिसत होतं.

“शनिवारी मोजणीला गेला होता,” राग्ना म्हणाली. “पन्नास वर्षं करतोय ते काम. मध्येच कशाला आलो ते विसरला.”

“अरेरे. एकटा होता का तेव्हा?”

“नाही,” ती म्हणाली. “मी होते.”

“मग बरं झालं बाई,” समोरची बाई म्हणाली, आणि तिकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला. फार वेळ लागला नाही. वाक्य छोटंच होतं.